स्टीलचं बोंडलं, किंमत १४० रुपये : सात महिन्यांच्या वापरानंतर

"वापरायला की द्यायला?"

नाशिकच्या भांडी बाजारात बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं, मागितलं, तर दुकानदाराने पहिला प्रश्न हा केला. मला क्षणभर कळेना. मग उलगडलं, की बोंडलं हल्ली वापरायला कुणी नेतच नाही. बारशाला द्यायला नेतात, तेही चांदीचं, सराफ बाजारातून, मखमली डबीत घालून. आणि ते डबीतच राहतं. मी म्हटलं, "वापरायला. आजच." तो स्टुलावर चढला, माळ्यावरून एक खोकं काढलं, धूळ फुंकली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा स्टीलची बोंडली काउंटरवर मांडली. "दादा, बघा पटापट. माल वर हलवायचाय." ऑगस्टचा पहिला आठवडा होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदाघाटावर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यांवर पाणी आलेलं. ते कमरेला लागलं की आपण काय करायचं, हे या बाजारात प्रत्येकाला पाठ असतं.

मी तरीही वेळ घेतला. अंबडच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे, पंपाचे सुटे भाग तपासतो. आलेला माल नाकारण्याचा मला पगार मिळतो. सहांतल्या दोघांची चोच टोकाला वाकडी होती. एकाच्या काठाला नखाला लागेल एवढी बर, म्हणजे कापलेल्या पत्र्याची उरलेली धार, होती. एक आतून धड पॉलिश केलेलं नव्हतं. एकाची चोच इतकी अरुंद, की आत बोट सोडा, बोळाही गेला नसता. मग घासायचं कशाने? सहावं घेतलं. भाव केला नाही, तशी वेळ नव्हती.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. नाहीतर बोंडल्याचं परीक्षण कोण वाचणार?

आमचा बाबू मे महिन्याच्या शेवटी झाला. दिवस पूर्ण भरलेले, वजन दोन किलो ८५०. पहिला महिना बरा गेला. पाचव्या आठवड्यापासून तो दूध टाकायला लागला. थोडं दूध सगळीच मुलं टाकतात, तेवढं आम्हालाही माहीत होतं. आई म्हणाली, "ओकणारं पोरच बाळसं धरतं रे, तू पण ओकायचास." पहिल्या डॉक्टरांनीही हसून तेच सांगितलं: "हा धुण्याचा प्रश्न आहे, बाळाचा नाही." पुढे मी जे वाचलं त्यावरून ते शंभरातल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत बरोबरच होते. तीन महिन्यांच्या आतली निम्मी मुलं दिवसातून एकदा तरी दूध वर काढतात, चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण ती मुलं दूध टाकून हसतात. आमचा हसत नव्हता. पाजायला घेतला की चार घोट घ्यायचा, मग पाठीची कमान, मान मागे, आणि किंकाळी. पाच मिनिटांनी भुकेने परत तोंड शोधायचा, परत चार घोट, परत कमान. आठव्या आठवड्यात तर त्याला मांडीवर त्या पोझिशनमध्ये नुसतं आडवं केलं तरी तो रडायचा. दूध अजून लांबच असायचं.

पावसाळा. दिवसाला पंचवीस-तीस दुपटी. दोरी बाहेर बांधायची सोय नाही, म्हणून हॉलमध्ये पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर, दारांच्या कड्यांना दुपटी. ओलीच राहिली तर मी इस्त्री फिरवायचो. घरात तो आंबूस वास कायमचा. शिफ्टवर गेलो तरी माझ्या शर्टाच्या खांद्याला यायचा. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, चाळीस मुलांचा वर्ग एकटी सांभाळते. ती एका रात्री तीनला मला म्हणाली, "माझंच दूध त्याला बाधतंय का रे?" मी काहीतरी समजुतीचं बोललो. उत्तर असं होतं, की थोडं तसंच होतं. पण ते आम्हाला महिनाभराने कळलं.

दीड महिन्याच्या लसीला वजन ३ किलो ७००. रोटाचे थेंब दिले आणि तिसऱ्या मिनिटाला ते सिस्टरच्या गाऊनवर दुधासकट परत आले. उलट्या जोराच्या होत होत्या आणि मुलगा दीड महिन्याचा, म्हणून सोनोग्राफी करायला लावली. जठराच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होते का, हे बघायला. तो आजार या वयात, आणि मुलग्यांत जास्त, दिसतो. रिपोर्टवर स्नायूची जाडी मिलिमीटरमध्ये होती. तीनच्या आत हवी, आमची दोन पॉइंट एक. आयुष्यात मी हजारो रिपोर्ट वाचले असतील, टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल त्या मर्यादेत आहे म्हणून डोळ्यांत पाणी एकदाच आलं.

मधल्या काळात मी एक चूक केली. तिचंही परीक्षण इथेच लिहितो, कारण बोंडल्याच्या तेरा पट पैसे तिथे गेले.

रात्री दोनला मोबाइलवर शोधताना बाळासाठीची तिरपी उशी दिसली. फोमची पाचर, वर सुती खोळ, फोटोत झोपलेलं गोबरं बाळ. "रिफ्लक्सवर खात्रीशीर आराम." रिफ्लक्स म्हणजे पोटातलं दूध वर येणं. १,८९९ रुपये. कंपनीचं नाव घेत नाही. अशा चार-पाच आहेत आणि सगळ्यांचे फोटो सारखेच. आल्यावर मी कारखान्यातून प्रोट्रॅक्टर आणून कोन मोजला: १४ अंश. फोमचं काम, शिवण, चेन, सगळं उत्तम. वस्तू म्हणून पास. पहिल्या रात्री त्यावर ठेवलं, तीनच्या सुमाराला मी उठलो तर बाबू घसरत घसरत पाचरीच्या पायथ्याशी गोळा झालेला, हनुवटी छातीला टेकलेली, श्वासाला घरघर. उचलला. पुढचा तासभर मी त्याला खाली ठेवला नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. बाळ पाठीवर सपाट झोपलं की श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली असते. वर आलेलं दूध श्वासनळीत जायला त्याला चढ चढावा लागतो. उताणं निजलेलं मूल गुदमरेल ही आपली भीती म्हणूनच बहुतेक वेळा चुकीची असते. तिरपं ठेवल्याने रिफ्लक्स कमी होत नाही, मान मात्र पुढे दुमडते आणि नळी चिमटते. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून दहा अंशांपेक्षा जास्त तिरप्या झोपवण्याच्या वस्तू विकायला बंदीच घातली, कारण त्यांत मुलं दगावली होती. आमची १४. उशी परत करायला गेलो, तर "स्वच्छतेच्या कारणास्तव" परत घेत नाहीत. हल्ली बायको ती पाठीशी घेऊन पंपाने दूध काढते. कंबरेला आराम पडतो म्हणते. त्या कामासाठी चार तारे, बाळासाठी शून्य.

त्याच चिठ्ठीवर त्यांनी जठर आणि अन्ननळीच्या मधला स्नायूही काढला. मी म्हटलं, "म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, गेलेलं परत येऊ न देणारा." त्या हसून म्हणाल्या, "हो, पण नवा आहे, अजून बसलेला नाही. मधूनच सैल पडतो. आणि तुमची लाइन आडवी, आत नुसतं द्रव." माझ्या कामाच्या भाषेत कुणी बोललं, की मला धीर येतो.

अडीच महिन्यांच्या लसीला वजन ३ किलो ९४०. चार आठवड्यांत २४० ग्रॅम. या वयात रोज पंचवीस-तीस ग्रॅम वाढायला हवं. आमचं रोजचं नऊच्याही खाली. गालांवर खरखरीत लाल चट्टे होते, आणि दोनदा शीमध्ये शेंबडासारखं आणि रक्ताची एक बारीक रेघ. डॉक्टर म्हणाल्या, गाईच्या दुधातलं प्रथिन आईच्या दुधातून जाऊन त्याला त्रास देत असण्याची शक्यता आहे. आईने दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद करून बघायचं. आणि तोपर्यंत पोटात जाईल तेवढं जायला हवं, म्हणून दिवसा दूध काढून वाटीने किंवा बोंडल्याने पाजायचं. रात्री गुंगीत असताना तो अंगावर बरा प्यायचा, ते तसंच चालू.

बाटली का नाही, हे लोक मला अजून विचारतात. आम्ही दोन करून पाहिल्या. एकीचं बूच इतकं सुटं, की तो ठसकायचा. दुसरीचं तोंडात गेलं की ओकारी. अंगावर न पिणाऱ्या मुलाला बाटली लावली की तो प्रश्न मिटतो, हा समज आमच्याकडे तरी खोटा ठरला. (दुकानात बाटल्यांची जाहिरात, सवलत, एकावर एक फुकट असलं काही दिसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? १९९२ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. मला बाप झाल्यावर कळलं.)

तर बोंडलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: लहानशी होडी, एका टोकाला निमुळती होत गेलेली उघडी चोच. दवाखान्यातल्या सिस्टर त्याला पलाडाई म्हणतात, तो तमिळ शब्द. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं आजही अतिदक्षता विभागात यानेच दूध पितात. आपल्याकडे घरोघरी होतं, मग बाटली आली.

माझी मापं. लांबी ९८ मिलिमीटर. चोचीची रुंदी टोकाला ७. पत्रा पॉइंट आठचा. वजन ३६ ग्रॅम. काठोकाठ २४ मिली, न सांडता चालवता येईल असं १२ ते १५. चुंबक किंचित ओढतो. त्यावरून स्टील हलकं असं म्हणू नका, चांगलं स्टीलही दाबून-ओढून घडवलं की तेवढं चुंबकाला लागतं. काठ तपासायची आमची शॉपफ्लोअरची रीत आहे: कापसाचा बोळा काठावरून फिरवायचा, जिथे तंतू अडकेल तिथे बर. चोचीच्या डाव्या अंगाला एक तंतू अडकला. हजार नंबरच्या पॉलिश पेपरने दहा मिनिटं घासलं, मग बफ केलं, धुतलं, उकळलं, परत बोळा फिरवला. काही अडकलं नाही. तुम्ही घ्याल तेव्हा हे नक्की करा. कापूस नसेल तर ओठ फिरवा, बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं.

सासूबाईंनी बारशाला चांदीचं दिलं होतं, तेही तपासलं. दिसायला लाखात एक. पण कडेला वेलबुट्टी, आणि वेलबुट्टीच्या खाचांत दूध अडकतं. मूठ झाळून जोडलेली, त्या जोडात आणखी. शिवाय चांदी मऊ. चोच एकदा टेबलाला आपटली तर वाकली. सासूबाईंना म्हटलं, हे फार मोलाचं आहे, जपून ठेवू. त्या म्हणाल्या, "जावईबापू, खरं सांगा, नापास केलंत ना?"

आता वापर. इथे सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण वस्तू पाच मिनिटांत समजते, हात बसायला आठ दिवस जातात.

आईची पद्धत जुनी. पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर उताणं, बोंडलं तोंडात, आणि ओतायचं. "गिळतंच पोर, जातंय कुठे?" सिस्टरने आम्हाला शिकवलं ते याच्या बरोबर उलटं. बाळ जागं हवं. दुपट्यात हात गुंडाळून मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, मानेमागे आपला तळवा. बोंडलं अर्ध्याच्या थोडं वर भरायचं, चोच खालच्या ओठावर कडेला नुसती टेकवायची आणि दूध ओठाला लागेपर्यंतच कलतं करायचं. ओतायचं नाही. तो जीभ पुढे काढतो, चाटतो, मग एक बारीक घोट घेतो. गिळलेलं दिसलं की पुढचं. ओतलं तर दूध श्वासनळीत जाऊ शकतं, हे तिने तीनदा सांगितलं आणि आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. हे कुणी तरी समोर बसून शिकवल्याशिवाय करू नका. व्हिडिओ पाहून तर नकोच, कारण व्हिडिओत मानेचा कोन कळत नाही.

पहिल्या दिवशी मी एका वेळेला १५ मिली पाजायला ४० मिनिटं घेतली आणि माझा शर्ट भिजला. किती आत गेलं आणि किती सांडलं, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून लाळेरं आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं, पाजून झाल्यावर परत तोलायचं. फरकाचे ग्रॅम म्हणजे साधारण तेवढेच मिली. पहिल्या आठवड्यात सांडलवण दर वेळी १० ते १२ मिली. तिसऱ्या आठवड्यात ४-५. बायको म्हणाली, "तू बाळाचा पण कंट्रोल चार्ट काढशील." काढला होता. फ्रिजवर लावला होता. त्याच्या शेजारी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद: हिरवी उलटी, रक्ताची उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलं, तर वाट बघायची नाही, निघायचं. तो कागद अजून आहे. सुदैवाने कधी लागला नाही.

पाच मिली झाले की थांबायचं, खांद्यावर घ्यायचं, ढेकर. ढेकर आली नाही तरी दोन मिनिटं थांबायचं. सगळं संपल्यावर अर्धा तास उभं धरायचं. हा अर्धा तास माझ्या वाट्याला होता. फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी पहाटे साडेचार ते पाच मी बाल्कनीत त्याला छातीशी उभा धरून यायचो-जायचो. पावसात पाथर्डी फाट्याच्या बाजूचे दिवे दिसत. तो माझ्या कॉलरची टोकं चोखायचा.

आणि बोंडल्याने काय केलं, तर सगळ्यांचा वेग त्याच्या वेगावर आणला. आधी आम्ही घाईने, भीतीने, वजनाचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून पाजायचो. तो तोंड फिरवायचा आणि आम्ही त्याच्या तोंडामागे दूध नेत राहायचो. बोंडल्यात तशी सोयच नाही. त्याने जीभ काढली नाही तर दूध जात नाही, संपला विषय. दहा-बारा दिवसांनी मांडीवर घेतल्यावर रडणं थांबलं. पुढे तर चोच दिसली की तोंड उघडायला लागला. त्या दिवशी कुणी कुणाशी काही बोललं नाही, आईने नुसतं मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि त्याची दृष्ट काढली.

आईचं सांगायचं राहिलं. सिस्टरची पद्धत तिला पटली नव्हती. चार दिवस ती बोंडल्याजवळ फिरकली नाही, "तुमचं शास्त्र तुम्ही करा" म्हणून. पाचव्या दिवशी बायकोला ताप आला, मी सेकंड शिफ्टला. घरी आलो तर आई खुर्चीत बसलेली, बाबू मांडीवर बसता, तिचा हात एका जागी स्थिर आणि दुसऱ्या हातात जपमाळ. एक घोट, एक मणी. मी वाट बघत दारातच उभा राहिलो. "एका माळेत बोंडलं अडीच वेळा रिकामं होतं," ती म्हणाली. मी हिशेब केला: १०८ मणी, ३५ मिलीच्या आसपास, म्हणजे घोटाला पाव-अर्धा मिली. माझ्या सगळ्या मापांपेक्षा हे माप जास्त टिकलं. दिवसाच्या फीडचा ताबा तिने घेतला तो घेतलाच. सांडलवण तिच्या हातून सगळ्यात कमी, २ ते ३ मिली. तिची गुटी मात्र आम्ही सहा महिने थांबवली. मायफळ, वेखंड, मुरूडशेंग, सगळं सहाणेशेजारी डबीत घालून तयार होतं. डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर ती डबी देव्हाऱ्याखाली गेली. त्यावर आमच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

श्रेय कुणाला किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एकट्या बोंडल्याने काही झालेलं नाही. बायकोने दूध, दही, तूप, लोणी, पनीर, बेकरीचं सगळं सोडलं, चहासुद्धा कोरा. बाळंतिणीसाठी आईने साजूक तुपातले डिंकाचे लाडू केले होते, डबाभर, आणि अळिवाची खीर रोज. ते सगळं माझ्या पानात यायला लागलं. मुलाचं वजन वाढत नव्हतं तेव्हा माझं चार किलो वाढलं. तिला कॅल्शियमच्या गोळ्या चालू केल्या. अडीच आठवड्यांनी चट्टे फिके पडले, शी साफ झाली, कमान कमी झाली. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खात्रीसाठी तिने पुन्हा दूध सुरू करून पाहिलं. पहिला चहा तिने डोळे मिटून प्यायला. तिसऱ्या दिवशी चट्टे परत. चहा परत कोरा.

आम्ल कमी करणारं औषध चार आठवडे दिलं होतं. त्याने दूध टाकणं थांबत नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं होतं. वर आलेलं कमी जळजळतं, एवढंच. ते उगाच लांबवायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं आणि चार आठवड्यांनी बंद केलं. काही घरांत मी पाहतो, एका मावशीच्या सांगण्यावरून चालू झालेलं औषध सहा महिने चाललेलं असतं. असो.

साडेतीन महिन्यांच्या लसीला वजन ४ किलो ६००. चार आठवड्यांत ६६० ग्रॅम. सिस्टरने काट्यावरून उचलला आणि आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा रांगेतल्या बायकांनी आमच्याकडे वळून पाहिलं, कारण तिघं माणसं एकदम "अरे वा" म्हणाली होती. आता तो साडेनऊ महिन्यांचा आहे. दूध अजून टाकतो, दिवसातून एखाद्या वेळी, आणि टाकून हसतो. म्हणजे पहिल्या डॉक्टरांच्या म्हणण्यात एकदाचा बसला. नाचणीची पेज, वरण-भात खातो. बोंडलं आता पाणी प्यायला आणि ताटलीवर बडवायला.

टिकाऊपणा. सात महिन्यांत रोज उकळलं, पाच-सहा वेळा पडलं, गंज नाही. चोचीच्या टोकाला एक बारीकसा पोचा आहे, पॉइंट तीनचा असेल. तो पडून आला की त्याच्या नव्या दातांनी, हे नक्की सांगता येत नाही. मी दातांच्या बाजूने आहे. झाकण नाही, पण झाकण असलेलं मी घेतलंही नसतं. उघडं आहे म्हणून सगळं आतून दिसतं, घासता येतं. बाटलीच्या बुचात काय साठतं ते एकदा कापून बघा.

कुणी घ्यावं? ज्यांना दवाखान्यात कुणी बसून शिकवणारं आहे आणि घरात एका फीडला अर्धा तास देणारं माणूस आहे, त्यांनी. एकट्या बाईवर घर, पंप, दुपटी आणि हे सगळं असेल, तर तिला आणखी एक भांडं देऊ नका, माणूस द्या.

एक तारा मी कापतो, आणि तो कापल्याचा मला अजिबात खेद नाही. याला बूड नाही. तळ गोल आहे, सपाट पृष्ठावर ठेवलं की डुलतं आणि चोचीच्या बाजूला कलतं. रिकामं असताना गंमत वाटते. सप्टेंबरमधल्या एका पहाटे बायकोने पाऊण तास पंप करून ३५ मिली काढलं होतं. त्यातलं पहिलं भरून मी बोंडलं ओट्यावर ठेवलं आणि बाबूला घ्यायला वळलो. मागून बारीकसा आवाज आला. पंधरा मिली दूध ओट्यावरून टपटपत खाली, फरशीवर. ती दारात उभी होती. मी फडकं घेतलं. ती म्हणाली, "थांब, पुसू नको लगेच," आणि तिथेच खाली बसली. मीही बसलो.

तेव्हापासून आम्ही ते वाटीत उभं ठेवतो. आमटीची मध्यम वाटी बरोबर बसते. ती १४० रुपयांत धरलेली नाही.